माशांआधी पाणी

मामांनी नाशिकहून काचेची पेटी आणली. धाकटा भाऊ म्हणाला, "मासे कुठंयत?" मामा म्हणाले, "आधी पाणी तयार होऊ दे." पाणी काय भाकरी आहे तयार व्हायला?

पण नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. तिने रोगजंतू मरतात, माशांचे कल्लेही भाजतात. म्हणून पाणी दोन दिवस उघडं ठेवलं. वाळू मी तांदळासारखी सात पाण्यांनी धुतली. ते पाणी आजीने वांग्यांना घातलं.

माशांच्या घाणीतून विष होतं. ते खाणारे चांगले जंतू वाळूत वाढायला महिनाभर लागतो. त्या जंतूंसाठी मामा रोज पेटीत चिमूटभर माशांचं खाणं टाकतात. भाऊ रोज काचेला नाक लावून न दिसणारे मासे शोधतो! डास नकोत म्हणून आजीने वर लुगड्याचा तुकडा बांधलाय.

आज एकोणिसावा दिवस. पहिल्यांदा चारच गप्पी आणणार आहोत.