गेंड्याच्या घरचं मांजर

मुलांनो, सकाळी दात घासायला गेलात आणि बेसिनमध्ये एक छोटासा बिबट्या बसलेला दिसला, तर तुम्ही काय कराल? मी काय केलं सांगू? तोंडात ब्रश तसाच ठेवून किंचाळले!

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दिल्लीला दादाकडे गेलो होतो. रात्री उशिरा पोचलो, त्यामुळे घरात आणखी कोण राहतं ते कळलंच नव्हतं. माझा आवाज ऐकून भाची धावत आली. सातवीत आहे ती.

"आत्या, अगं ही बिजली! नळ सोड ना, वाट बघतेय ती."

मी नळ सोडला. मांजराचं आणि पाण्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य, हे आपण लहानपणापासून बघतो. ही बाई मात्र धारेखाली पंजा धरून खेळत बसली! तिचा रंग सोनेरी. अंगावर गडद ठिपके, पण भरीव नव्हेत. कडेनं काळपट आणि मधे फिके, रांगोळीतल्या फुलांसारखे. खिडकीतून ऊन आलं तसे तिचे केस जरीसारखे चमकायला लागले.

बिजली 'बेंगॉल' जातीची. दिसायला देखणी, पण तिच्याबरोबर राहणं सोपं नाही हं! चार दिवसांत मला ते चांगलंच कळलं. फ्रिजवरून पडद्याच्या दांडीवर आणि तिथून थेट दादाच्या पोटावर उडी. कपाटाचे खण तिला उघडता येतात. पहाटे चार वाजता ती असा काही सूर लावते, की शेजारच्या आजोबांना गजराची गरज पडत नाही. गॅलरीला जाळी लावावी लागली. वहिनी म्हणाल्या, "ताई, रोज दोन तास हिच्याशी कुणीतरी खेळावंच लागतं. नाहीतर ही आपला खेळ आपण शोधते, आणि तो आम्हाला परवडत नाही." पालकांनो, हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

भाचीला या सगळ्याचा भारी अभिमान. "आत्या, हिची खापरपणजी जंगलातली होती, खरीखुरी!"

ते खरंच आहे. शेतकऱ्यांच्या मुलांना संकरित बियाणं माहीत असतं. तसंच हे संकरित मांजर. आपल्या देशापासून थेट रशियाच्या पूर्व टोकापर्यंत जंगलात एक ठिपकेवालं छोटं मांजर राहतं. त्याला बिबटमांजर म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावात 'बेंगॉलेन्सिस' आहे, म्हणजे बंगालचं. जातीचं नाव त्यावरूनच पडलं. अमेरिकेतल्या जीन मिल या बाईंकडे अशी एक मादी होती. तिला सोबत म्हणून त्यांनी एक काळा बोका ठेवला. या दोघांना पिल्लं होतील असं त्यांना वाटलंही नव्हतं, पण 1963 साली झालं! पुढे 1980च्या सुमारास त्यांनी हे काम पुन्हा नेटानं हाती घेतलं. जंगली मांजरांची कातडी आणि पिल्लं विकली जात, त्याचं त्यांना वाईट वाटे. तसंच दिसणारं, पण माणसाळलेलं मांजर घरात असलं, तर लोक जंगलातल्या मांजराच्या वाटेला जाणार नाहीत, अशी त्यांची आशा होती.

आता यात एक गंमत आहे. पहिल्या दोन-तीन पिढ्यांतल्या बोक्यांना बहुधा पिल्लं होतच नाहीत. खेचराला होत नाहीत ना, तसंच. माद्यांना मात्र होतात. म्हणून दर पिढीत त्या मादीची जोडी घरगुती बोक्याशी लावायची. असं करत चौथ्या पिढीपर्यंत आलं, की ते मांजर पाळीव समजलं जातं.

आणि नेमकं इथंच आमच्या भाचीचं घोडं अडलं होतं. "बाबा, पुढचं मांजर पहिल्या पिढीचं आणू या. एकदम जंगली!" असा तिचा रोजचा हट्ट. पहिल्या पिढीचं मांजर माणसांना बुजतं, लपून बसतं, शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये जाईलच असं नाही, हे दादानं सांगून झालं होतं. काही उपयोग नाही.

त्या रात्री मी तिला माझी गोष्ट सांगितली. ती मी आमच्या शाळेतल्या मुलांनाही कधी सांगितली नव्हती.

मी तिसरीत होते. जुन्नर तालुक्यात आमच्या शेतात ऊसतोड चालू होती. पाचटात दोन पिल्लं सापडली, तळहातावर मावतील एवढी. वाघाटीची होती. वाघाटी म्हणजे जगातलं सगळ्यात छोटं जंगली मांजर. मोठं झालं तरी वजन दीड किलोच्या आसपास. (आमच्याकडे बिबटमांजरालाही सरसकट वाघाटीच म्हणतात.) मी त्यातलं एक गुपचूप ओच्यात घालून घरी आणलं आणि टोपलीखाली ठेवलं. कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध पाजायला गेले, तर ते फिस्कारायचं. रात्री बांधाकडून कुणीतरी ओरडत होतं. आजी म्हणाली, "त्याची आय हुडकतीय त्याला." मी टोपलीवर आणखी एक पोतं टाकलं. तिसऱ्या दिवशी पिल्लू मेलं.

आजीचं ऐकून त्याच रात्री ते बांधावर नेऊन ठेवलं असतं तर? आज आमच्या भागात उसात पिल्लं सापडली, की वनखात्याला कळवतात. ती माणसं संध्याकाळी पिल्लं त्याच जागी ठेवतात आणि लांब थांबतात. अंधार पडला की आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. ही दोन्ही मांजरं 1972च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. त्यांना धरणं हा गुन्हा आहे. तिसरीतल्या मला हे माहीत नव्हतं, पण बांधावरचं ओरडणं मला ऐकू येत होतं.

भाची काही बोलली नाही. बिजलीच्या पाठीवर तिचा हात फिरत राहिला.

मग मी म्हटलं, "चल, तुला हिची दुसरी खापरपणजी कुठली ते दाखवते. दिल्लीचीच आहे!" 1982 साली जीन मिल दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात आल्या होत्या. तिथं गेंड्याच्या आवारात एक मोकाट मांजर राहत होतं. सोनेरी रंगाचं, गडद ठिपक्यांचं. कुणी पाळलेलं नाही, की विकत आणलेलं नाही. बाईंनी ते अमेरिकेला नेलं. बेंगॉल मांजरांच्या केसांना जी जरीसारखी चमक असते, ती त्या दिल्लीकर मांजराकडून आली असं मानतात. आणखी ऐका. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी शेकडो बेंगॉल मांजरांची जनुकं तपासली. त्यांच्यात बिबटमांजराचा वाटा सरासरी फक्त 3.5 टक्के निघाला! बाकी सगळा घरगुती मांजरांचा. ते 'जंगली' रूपसुद्धा बरंचसं घरगुती मांजरांतूनच निवडत निवडत आलेलं.

"म्हणजे बिजली आपल्या पार्किंगमधल्या मनीची बहीण?" भाचीनं विचारलं. लांबची, पण हो.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो आणि फजिती झाली. शुक्रवार होता, आणि शुक्रवारी प्राणिसंग्रहालय बंद! मग शेजारचा पुराना किला पाहिला. हुमायून बादशहा ज्या जिन्यावरून पडला तो शेरमंडलही पाहिला. शनिवारी पुन्हा गेलो. आत शिरल्यावर आधी तळ्याशीच थबकलो. झाडांवर चित्रबलाकांची घरटीच घरटी, आणि त्यांची पिल्लं नुसता कलकलाट करत होती. हे पक्षी पिंजऱ्यातले नाहीत बरं का! दरवर्षी आपण होऊन येतात, पिल्लं वाढवतात आणि निघून जातात.

गेंडा चिखलात बसला होता. कान तेवढे हलत होते. भाचीनं एका कर्मचारी काकांना विचारलं, "अंकल, यहाँ बिल्ली रहती है?"

"बिल्ली?" काका हसले. "बेटा, बिल्लियाँ तो आती-जाती रहती हैं." आणि त्यांनी गवताचा भारा सोडला.

आम्ही अर्धा तास थांबलो. कावळे आले, एक खार आली. मांजर काही दिसलं नाही. भाची मात्र कठड्याशी वाकून, गवताच्या सावलीत बघत राहिली.