आधी कुणाशी बोलायचं?

पर्यावरणाच्या संशोधनात लोकांशी बोलण्याचाही आराखडा असतो! कुणाला आधी सांगायचं, कुणाच्या तोंडून, कोणत्या महिन्यात, हे सगळं कॅमेरे लावण्याइतक्याच काटेकोरपणे ठरवायचं असतं. आपल्याच राज्यातल्या बिबट्यांच्या अभ्यासाबद्दल वाचताना मला हे सापडलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे.

जुन्नरचंच बघा. 2001 नंतरची दोन-तीन वर्षं तिथे पिंजरे लावून बिबटे धरायचे आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडायचे, असा सपाटा चालला होता. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तर आधी वर्षाला सरासरी 4 असलेले माणसांवरचे हल्ले त्या काळात 17 वर गेलेले! धरलेलं जनावर बिथरतं, अनोळखी मुलखात पडतं, परत फिरू बघतं. निष्कर्ष लखलखीत आहे, पण तो घेऊन जायचं कुणाकडे? काल रात्री ज्याची शेळी गेली त्याच्यासमोर ‘पिंजरा नको’ हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्याच्याशी बोलायचं तर विषय बंदिस्त गोठ्याचा हवा, वेळेवर मिळणाऱ्या भरपाईचा हवा. आणि तेही ऊसतोडीच्या आधी! तोड सुरू झाली की उसात बिबट्याची पिल्लं सापडतात, तोडणी मजुरांच्या टोळ्यांच्या कोप्या फडाशेजारी पडतात, पोरंबाळं उघड्यावर झोपतात. पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही, आई जवळपास असते, हे मजुरांना तोडीच्या आधीच कळून उपयोग आहे. आणि टोळीच्या मुकादमाला विसरून मजुरांची बैठक घेणं म्हणजे रिकाम्या खुर्च्यांशी बोलणं.

मग अकोले! जंगल नाही, रानातली शिकार नाही, माणसांची वस्ती दर चौरस किलोमीटरला 300 हून जास्त, आणि तरी 100 चौरस किलोमीटरमध्ये जवळजवळ 5 प्रौढ बिबटे. हे दाखवणारा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा जगभर चर्चा झाली. मला मात्र भुरळ पडली ती शेतकऱ्यांची. कोणत्या वाटेने बिबट्या जातो, कुठे त्याचे ठसे उमटतात, हे तिथल्या माणसांना ठाऊक होतं. ऐकणं हाही आराखड्याचाच भाग आहे, आणि माझ्या मते तो पहिला भाग आहे.

आणि मुंबई! संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम 104 चौरस किलोमीटरचं, जवळजवळ चहूबाजूंनी शहर. 2011 मध्ये सुनील लिमये तिथे संचालक असताना ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) हा लोकांना सोबत घेणारा उपक्रम सुरू झाला. एकीकडे बिबट्यांची मोजणी आणि त्यांच्या खाण्याचा अभ्यास, दुसरीकडे त्याच वेळी लोकांशी बोलणं. सोसायटीवाल्यांना कचऱ्याबद्दल सांगायचं, कारण कचऱ्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. पोलिसांना गर्दीबद्दल, कारण कोंडीत सापडलेला बिबट्या बघ्यांच्या गराड्यातच अंगावर येतो, म्हणून आधी बघे हटवायचे. पत्रकारांसाठी वेगळ्या कार्यशाळा! का, तर नुसता बिबट्या दिसल्याची सनसनाटी बातमी आली की रहिवासी घाबरतात, नगरसेवकाला फोन जातात, वनखात्यावर दबाव येतो, पिंजरा लागतो आणि जुन्नरची गोष्ट पुन्हा सुरू होते. ही साखळी मनात लख्ख जुळली तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठले. वार्ताहर या अभ्यासाचा एक घटकच आहे, वनरक्षकाइतकाच!

आणि कधी लोकांशी बोलायला नुसतं एक नावही पुरतं. ‘आजोबा’ आठवतोय ना? 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला, जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलेला तो वयस्कर बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या दिशेने आला. नकाशावरच्या ठिपक्यांना एक नाव मिळालं आणि लोक त्याची वाट विचारू लागले. पुढे 2014 मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही आला.

पण एक सांगायलाच हवं. ज्या घरातलं माणूस हल्ल्यात गेलं, त्या घरी आलेख घेऊन जाऊ नये. जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात आजही माणसं जातात आणि तिथला संताप खरा आहे. तिथे आधी भरपाई, दिवा, गस्त, आणि ऐकून घेणारा ओळखीचा माणूस जायला हवा. म्हणूनच ही ओळख घटनेच्या आधी कित्येक महिने करून ठेवायची असते.

आणि सगळ्यात भारी गोष्ट शेवटी राखून ठेवली आहे. वारली समाज वाघ-बिबट्यांचा देव म्हणून ज्याला पुजतो, त्या वाघोबावरचा 2021 मधला अभ्यास! मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून वाघोबाच्या सुमारे 150 देवस्थानांची नोंद त्यात आहे. बिबट्याबरोबर राहायचं कसं, याची बोलणी या डोंगरांत कधीपासून चालू आहेत. भगत आहे, नवस आहे, दिवाळीच्या तोंडावर येणारी, वाघोबाच्या पूजेची वाघबारस आहे. म्हणजे संशोधकाने नवीन सभा बोलवायची गरजच नाही, चालू असलेल्या सभेत जाऊन बसायचं! पुढच्या वाघबारशीला मी पालघरच्या एखाद्या पाड्यावर जाणार आहे. तिथे कुणाला आधी भेटायचं, याची यादी आत्ताच करायला घेतली आहे.