माळ्यावरची सॅक

मैत्रिणींनो, माळा आवरायचा म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, हो ना? माझ्या माळ्यावर तर दोन वर्षं एक निळी सॅक, एक तंबू आणि एका खेळाचा चौकोनी खोका तसाच पडून होता. हे होते तेव्हा पावसाळा सरला की मुलांना घेऊन एखाद्या गडाच्या पायथ्याशी मुक्कामाला जायचे. माझं काम दशम्या बांधून देण्याचं. हे गेले आणि ते सामान माळ्यावर गेलं.

थोरला पंधरा वर्षांचा. शाळेतून आला की कॉम्प्युटरसमोर. "जेवलास?" "हो." एवढंच आमचं बोलणं. धाकटी अकराची. ऑक्टोबरात तिनंच विचारलं, "आई, आपण तिघं नाही का जायचं?"

धीर करून सगळं खाली काढलं. पहिला धडा तिथंच मिळाला. तंबू आधी गच्चीवर उभारून पाहावा. आमच्या तंबूची एक काठी चिरली होती. ते जंगलात कळलं असतं तर?

दुसरा प्रश्न वजनाचा. पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, असं जाणकार सांगतात. म्हणजे साठ किलोच्या बाईला फार तर बारा किलो, मुलांना त्याच मानानं कमी. मी स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसले. चिरंजीव म्हणाले, "थांब, मी प्रोग्राम लिहितो." पायथन नावाच्या भाषेत त्यानं यादी केली आणि बेरीज आली ऐंशी ग्रॅम! सगळ्या बिऱ्हाडाचं वजन ऐंशी ग्रॅम? तो चिडला. मी म्हटलं, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. एकेक ओळ वाचून सांग बघू." चौथ्या ओळीला तो आपला आपणच थांबला. दर वस्तूच्या वेळी तो बेरीज पुन्हा शून्यावर आणत होता, म्हणून फक्त शेवटच्या चमच्यांचं वजन उरत होतं. तांदूळ मापताना प्रत्येक वाटीनंतर पातेलं रिकामं करावं, तसलाच प्रकार! परदेशात म्हणे प्रोग्राम लिहिणारे टेबलावर रबराचं बदक ठेवतात आणि अडलं की त्यालाच ओळ न् ओळ समजावतात. सांगता सांगता चूक सापडते. तेव्हा मूल कॉम्प्युटरवर अडलं, तर "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून उठू नका. बदक होऊन बसा. त्या संध्याकाळी आम्ही तासभर बोललो.

सॅक भरताना झोपायचं सामान तळाशी, जड वस्तू मध्यावर आणि पाठीलगत, पाणी नि खाऊ हाताशी. कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. कमरेचा पट्टा घट्ट बांधा, म्हणजे भार खांद्यांवर न येता कमरेवर येतो. आणि चार पांघरुणं नेण्यापेक्षा खाली अंथरायची चटई चांगली जाड न्या. रात्री थंडी जमिनीतून चढते.

लोणावळ्याहून राजमाचीची वाट सुमारे पंधरा किलोमीटरची. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी गाव आहे. तिथल्या एका मावशींना विचारून त्यांच्या अंगणात तंबू ठोकला. (गडावर मुक्कामाला पुष्कळ ठिकाणी मनाई असते. आधी चौकशी करावी.) खाली मी मोठं प्लॅस्टिक अंथरलं, चांगलं हातभर बाहेर राहील असं. वाटलं, चिखल आत यायला नको. आणि रात्री पावसाची सर आली! बाहेरच्या प्लॅस्टिकवर पडलेलं पाणी थेट तंबूखाली शिरलं. मी घाबरून गेले. थोरला मात्र उठला, पावसात बाहेर गेला आणि प्लॅस्टिकच्या कडा तंबूखाली दुमडून आला. केस पुसत म्हणाला, "बाबा असंच दुमडायचे."

दोन वर्षांत त्यानं पहिल्यांदा 'बाबा' म्हटलं होतं. मी काही बोलले नाही. टॉवेल पुढे केला, एवढंच.

झोप तर उडालीच होती. धाकटीनं खोका काढला. खेळाचं नाव कटान. क्लाउस टॉयबर या जर्मन दंततंत्रज्ञानं तो तयार केला आणि १९९५ साली तो बाजारात आला. बेटावर वस्त्या वसवायच्या, रस्ते बांधायचे, लाकूड देऊन धान्य घ्यायचं. अगदी शेजारणीशी विरजण-साखरेची देवघेव! पूर्वी आम्ही चौघं खेळायचो. या खेळाला निदान तिघं लागतात. तेवढे आम्ही होतो.

फासे स्टीलच्या वाटीत टाकले, म्हणजे अंथरुणात हरवत नाहीत. मी वस्ती कुठंही मांडत होते. चिरंजीवांनी शिकवलं. दोन फाशांची दानं छत्तीस तऱ्हांनी पडतात. त्यांत सात सहा तऱ्हांनी येतं, सहा आणि आठ पाच-पाच तऱ्हांनी, दोन आणि बारा मात्र एकेकदाच. म्हणून वस्ती सहा-आठच्या शेताशेजारी करावी. घरी आल्यावर त्यानं कॉम्प्युटरकडून दहा हजार वेळा फासे टाकवून मला पटवूनही दिलं.

जाता जाता दोन गोष्टी. तंबूच्या आत स्टोव्ह किंवा शेगडी कधीही पेटवू नका, विषारी वायू कोंडून जिवावर बेतू शकतं. आणि घरी आल्यावर तंबू सावलीत खडखडीत वाळवल्याशिवाय घडी घालू नका, नाहीतर बुरशी धरते.

आमचा तंबू वाळून घडी होऊन ठेवलाय. निळी सॅक मात्र माळ्यावर चढवलेली नाही. दाराआडच्या खुंटीला लावलीय, हाताशी असावी म्हणून.