चंद्राची जास्तीची रात्र

सुरतेतल्या आमच्या भेस्तानच्या सोसायटीत निम्मी घरं खानदेशातली. कुणी अमळनेरचं, कुणी दोंडाईच्याचं, कुणी नंदुरबारचं. ताप्ती लाइनने उधन्याला उतरायचं आणि लूम नाहीतर डाइंग मिलमध्ये काम धरायचं, अशी एकेका घराची गोष्ट. कोजागिरीला आम्ही सगळे गच्चीवर जमतो. मोठ्या पातेल्यात दूध आटतं, वेलची-चारोळी पडते आणि चंद्र दुधात उतरला की ग्लास भरतात. इथपर्यंत सगळं गावासारखंच.

सुरतेची खरी रात्र मात्र दुसऱ्या दिवशी असते. तिला चंदी पडवो म्हणतात. शरद पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला सगळं शहर घारीचे डबे घेऊन बाहेर पडतं आणि चक्क रस्त्याच्या कडेला बसून जेवतं. आम्ही इथे आलो त्या वर्षी शेजारच्या मासी दारात येऊन म्हणाल्या, "चालो ने अमारी साथे." माय गोंधळली. "चांद ते काल देखा ना, आज कसाले?"

तरी गेलो. डुमस रस्त्याच्या फूटपाथवर चटयांना चटया लागलेल्या. आजोबांसाठी घडीची खुर्ची, पोरांसाठी पत्ते, मधोमध डबे. पूजा नाही, आरती नाही, स्टेज नाही, लाउडस्पीकर नाही. कोजागिरीला लक्ष्मी विचारत फिरते, कोण जागं आहे म्हणून. इथे विचारायला कुणी येत नाही आणि तरी लहान-मोठे सगळे जागे! मला ते फार आवडलं. चांदण्यात माणसांनी माणसांसोबत बसावं, एवढ्यासाठीच एक सण राखून ठेवणारं दुसरं शहर मला माहीत नाही.

घारी हातात घेतली तेव्हा तिचं वजन जाणवलं. मैद्याच्या पातळ पारीत मावा, बदाम, पिस्ता. तुपात तळलेली आणि वरून पुन्हा तुपाचा जाड थर. तूप गोठून पांढरं झालेलं. बोट लावलं की अंगठ्याच्या उबेने ते वितळतं आणि आतला पिस्ता हिरवा दिसायला लागतो. एक घास गोड, मग चिमूटभर भुसू, म्हणजे तिखट-खारं मिसळलेलं फरसाण. 1857 मध्ये तात्या टोपे यांच्या सैनिकांना ताकद यावी म्हणून घारी केली, अशी कथा मासींनी सांगितली. माय तोवर अर्ध्या घारीवरच थांबली होती. कथा ऐकल्यावर म्हणाली, आपल्या माणसासाठी केली होती तर, आणि उरलेली अर्धी संपवली.

नाना गप्प बसून वर बघत होते. लूमवर बारा तासांची रातपाळी. जागरण त्यांना नवं नव्हतं, पण पत्र्याच्या शेडखाली, धोट्यांच्या खडखडाटात. त्या रात्री त्यांनी पाळी बदलून घेतली होती. चंद्र कालच्यापेक्षा पाऊण तासभर उशिरा वर आला होता आणि वरच्या कडेला नखभर झिजल्यासारखा वाटत होता. नाना म्हणाले, "कालचा बघायला मिळाला नव्हता. बरं झालं, आज पुन्हा आला."

गावी जाताना गाडी नवापूरला थांबते. तिथे एकाच फलाटातून दोन राज्यांची हद्द जाते; चार पावलं चाललं की गुजरातचा महाराष्ट्र होतो. आमच्या घरातल्या पौर्णिमा आणि प्रतिपदा अशाच एका फलाटावर आल्या आहेत. माय आता दोन दिवसांचं दूध एकदम सांगून ठेवते. पहिल्या रात्रीचं गच्चीवर आटतं, दुसऱ्या रात्रीचं थर्मासात भरून डुमस रस्त्याला जातं. मासी घारी काढतात, माय मसाला दूध ओतते. वर्षं झाली, दोघींनी एकमेकींची भाषा धड शिकलेली नाही.

मागच्या पडव्याला आम्ही चटईवर बसलो असताना अमळनेरहून मामाचा फोन आला. काल कोजागिरी झाली का चांगली, विचारत होता. मायने तुपाचा हात पदराला पुसला आणि म्हणाली, "आठे ते आज बी शे."