बोळक्याची भिंत

आमच्या पाटण तालुक्यात कोयनेचे धरण आहे, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. तथापि पावसाळ्यात आमच्या वाडीची वीज गेली म्हणजे रात्र अंधारातच काढावी लागते. गेल्या आषाढात गोठ्याच्या पायरीवरून आमची आजी घसरली व महिनाभर अंथरुणास खिळली. तेव्हा त्या पायरीपुरता का होईना, आपल्या हातचा दिवा लावावा असे आम्ही मनात आणले.

डॅनियल या इंग्रज रसायनज्ञाने १८३६ साली रचलेला विद्युत्घट करावयास सोपा. तांब्याच्या भांड्यात मोरचुदाचे पाणी, त्यात बिनझिलईचे मातीचे बोळके, बोळक्यात मिठाचे पाणी व जस्ताची पट्टी. (डॅनियलने आरंभी बोळक्याऐवजी बैलाची अन्ननलिका वापरली होती! आम्ही कुंभारवाडा गाठला.) दोन घट जोडताच बोटाच्या पेराएवढा लाल दिवा लागला आणि आमच्या आनंदास पारावार उरला नाही. परंतु थोड्याच वेळात तो मंदावला. पाहतो तो एका जस्तावर काळा लेप! बोळके चिरलेले होते; मोरचूद भिंत ओलांडून जस्तास भिडला होता.

पुढे वाचनात आले की, मोठमोठे शास्त्रज्ञही याच भिंतीपाशी अडले आहेत. तासगावकडे द्राक्षांवर भुरी पडू नये म्हणून मारतात तोच स्वस्त गंधक लिथियमशी जोडल्यास, आजच्या लिथियम-आयन घटाहून पुष्कळ अधिक वीज तेवढ्याच वजनात मावू शकेल. पण वापरताना त्यांची पॉलिसल्फाइडे बनतात, द्रावात विरघळतात व मधल्या प्लास्टिकच्या पडद्याच्या सूक्ष्म छिद्रांतून लिथियमवर जाऊन बसतात. गंधक उणा होतो, लिथियम खराब होते. पडदा बंद करावा, तर लिथियमचे आयनही अडतात व घटच थांबतो. २०१२ साली टेक्सास विद्यापीठात अरुमुगम मंथिराम व त्यांचे सहकारी यांनी गंधक व पडदा यांच्यामध्ये कार्बनचा सच्छिद्र थर घातला. निसटणारी द्रव्ये त्यात अडकून राहू लागली. इतरांनी पडद्यासच ऋणभारित बहुवारिकाचा लेप दिला. पॉलिसल्फाइडेही ऋणभारितच, म्हणून ती मागे ढकलली जातात. धनभारित लिथियम मात्र सुखाने पार होते. तरीही असा घट अद्याप घरोघर आलेला नाही.

आमचे काम त्यामानाने हलके. आजीस हकीकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "बोळकं वाजवून घेतलंस का रे?" आम्ही घेतले नव्हते. दुसऱ्या खेपेस तिने स्वतः चार बोळकी टिचकीने वाजवून त्यांतील दोन निवडली. त्या रात्री दिवा पायरीवर ठेवला. पहाटे आजी धार काढावयास उठली, तेव्हा तो लागलेला होता.