आमचे चिरंजीव दिवे लावतात

अंधार विकत मिळतो, ही बातमी मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळली. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की अंधार ही परमेश्वराने आणि वीज मंडळाने मिळून गोरगरिबांना फुकट वाटलेली चीज आहे. आमच्या कुडाळकडच्या गावी तर तो पोत्याने मिळत असे. पण गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी बाराशे रुपये मोजून एक व्हिडिओ गेम घेतला. मी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिले. सगळे काळेकुट्ट. मध्येच कुठेतरी एक पिवळा ठिपका.

"बिघडलेला आलाय," मी म्हणालो. "बिल आहे ना? परत कर."

"बाबा, बिघडलेला नाही. अंधार आहे तो."

"बाराशे रुपयांचा?"

"चांगला अंधार आहे," चिरंजीव म्हणाले.

बावीस वर्षे मी बँकेत नोटा मोजतो आहे. चांगली नोट, वाईट नोट मला बोटाला कळते. अंधारात चांगला-वाईट असा प्रकार असतो हे मला कोणी सांगितले नव्हते. बी.कॉम.ला तर हा विषयच नव्हता.

चिरंजीवही बी.कॉम. झाले. आता ते बँकेच्या परीक्षेला बसतील आणि माझ्यासारखेच सुखी होतील, असा माझा हिशेब होता. एका रात्री भाताचा पहिला घास घेता घेता त्यांनी जाहीर केले की आपण लेव्हल डिझायनर होणार. म्हणजे खेळातल्या खोल्या, गल्ल्या, रस्ते रचणारा माणूस. त्यातही आपल्याला रस आहे तो लायटिंगमध्ये.

"म्हणजे नक्की काय करणार रे तू?" सौ.ने विचारले.

"दिवे लावणार."

ताटावर शांतता पसरली. मराठी घरात 'काय दिवे लावलेस?' हा प्रश्न बाप मुलाला पिढ्यानपिढ्या विचारत आलेला आहे. माझ्या वडिलांनी तो मला बारावीच्या निकालाला विचारला, बी.कॉम.च्या निकालाला विचारला, आणि बँकेत चिकटल्यावरही, सवयीने, एकदा विचारला. त्याला आजवर कुठल्याच मुलाने सरळ उत्तर दिलेले नाही. आमच्या चिरंजीवांनी प्रश्न विचारण्याआधीच दिले.

विरोध करायचाच होता, पण आम्ही बँकेची माणसे. व्हाउचर पाहिल्याशिवाय खर्च नामंजूरसुद्धा करत नाही. म्हटलं, समजावून सांग. तेव्हापासून आठ दिवस रोज जेवणानंतर माझी शिकवणी सुरू झाली.

१९९३ साली 'डूम' नावाचा खेळ आला. त्यात प्रत्येक खोलीच्या नावावर उजेडाचा एक आकडा मांडलेला असे, ० पासून २५५ पर्यंत. शून्य म्हणजे मिट्ट काळोख, २५५ म्हणजे लग्नाचा हॉल. आकडा म्हटल्यावर माझे कान टवकारले. म्हणजे ही उजेडाची खतावणीच की! एखाद्या खोलीत दिवा फडफडता ठेवला की खेळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, असेही कळले. आमच्या शाखेत एक ट्यूब चार वर्षे फडफडत होती आणि कोणाच्याही पोटात काही आले नाही. तीन मॅनेजर मात्र बदलून गेले.

१९९९ च्या 'सायलेंट हिल'मध्ये गावभर धुके आहे. ते का, तर त्या वेळच्या प्लेस्टेशनला लांबचे रस्ते चितारण्याची ताकद नव्हती. अशक्तपणा झाकायला धुके सोडले, आणि जग म्हणाले, वा, काय वातावरण आहे! आमच्या बँकेचा वार्षिक अहवाल मी दर वर्षी वाचतो. हे तंत्र मला नवीन वाटले नाही. 'थीफ' म्हणून १९९८ चा एक खेळ आहे, त्यात आपण चोर. पडद्याच्या तळाशी एक मणी असतो. आपण उजेडात असलो की तो उजळतो, काळोखात सरकलो की विझतो. बदल्यांच्या मोसमात असा एक मणी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या टेबलावर बसवावा असे मी युनियनला सुचवणार आहे.

पण माझे मन गेले ते २००४ च्या 'डूम ३'वर. त्यात एका वेळी हातात एकतर बॅटरी धरता येते, नाहीतर बंदूक. दिसेल त्याला मारता येत नाही आणि मारायचे ते दिसत नाही. लोकांनी इतकी कुरकुर केली की २०१२ च्या आवृत्तीत करणाऱ्यांनी बॅटरी अंगावरच बसवून दिली. चिरंजीव हे कौतुकाने सांगत होते आणि मी गावच्या घराच्या मागल्या दारी उभा होतो. पावसाळ्याची रात्र, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात तांब्या. फुरसे निघाले तर काठी कुठल्या हाताने धरायची? हा प्रश्न आमच्या घरात चार पिढ्या अनिर्णित आहे आणि परदेशात त्याच्यावर लोक पैसे मिळवून राहिले!

"आपल्याकडे कोणी करतं का असलं काही?" मी विचारले.

तर निघाले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यात मधली मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितली आहे. ती पाहताना मात्र मी खुर्ची पुढे ओढली. कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथले ठाकर लोक चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. लहानपणी मी तो पाहिला आहे. पांढरा पडदा, मागे दिवा, आणि पडद्यावर दहा तोंडांचा रावण. खेळ संपल्यावर मी पडद्यामागे जाऊन पाहिले तर वीतभर चामडे. रावण सगळा दिव्यात होता.

हे मी चिरंजीवांना सांगितले. ते म्हणाले, "तेच तर म्हणतोय मी आठ दिवस."

मग एकदा ते काही कामाने आमच्या शाखेत आले. पाच मिनिटे दारात उभे राहिले आणि घरी आल्यावर म्हणाले, "बाबा, तुमच्या ब्रँचचं लेव्हल डिझाइन चुकलंय. माणूस दारातून आत आला की जिथे जास्त उजेड दिसतो तिथे चालू लागतो. तुमच्या काउंटरवर दोन ट्यूब आहेत. चौकशीच्या टेबलावर एकही नाही."

वाचकहो, बावीस वर्षे माझ्यापुढे सगळ्यात मोठी रांग असते. माझा गोड स्वभाव याला कारण आहे असे मी समजत होतो. सौ. तसे समजत नव्हती, पण तिच्याकडे पुरावा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी शिपायाला चहा पाजून माझ्यावरची एक ट्यूब काढवली. दुपारपर्यंत निम्मी रांग शेजारच्या बाईंकडे सरकली. माझे काम हलके झाले आणि मन जड झाले.

एवढ्यावर भागले असते. पण कोर्सच्या प्रवेशासाठी स्वतःची एक लेव्हल करून पाठवायची होती, आणि तिच्यासाठी चिरंजीवांनी जागा निवडली आरे कॉलनी.

मी रोज गोरेगावहून मरोळला स्कूटरने आरेतूनच जातो. म्हटलं, आहे काय तिथे? तबेले. मुंबईतल्या म्हशी शहराबाहेर हलवाव्यात म्हणून १९४९ साली सरकारने ही दुधाची वसाहत वसवली. शहरातून बाहेर काढलेल्यांची पहिली तुकडी म्हशींची. आम्हा गिरगावकर-दादरकरांची पाळी नंतर आली.

"दिवसा नाही बघायचं, रात्री," चिरंजीव म्हणाले.

शनिवारी रात्री साडेदहाला आम्ही निघालो. चिरंजीव मागे बसून मोठ्याने दिवे मोजत होते. "इथे खांब. मग काळोख. मग वळण. बघा बाबा, वळणापलीकडचा दिवा दिसत नाही, त्याचा उजेड झाडावर दिसतो. म्हणून माणूस पुढे जातो." बावीस वर्षांत मला या रस्त्यावर खड्डे सोडून काही दिसले नव्हते. फिल्मसिटीच्या बाजूला टेकडीमागे आभाळ पांढरे झाले होते. १९७७ पासून तिथे रात्रीचे दिवस आणि दिवसाच्या रात्री करायचे काम चालते. कोणत्या तरी मालिकेसाठी क्रेनवर चंद्र टांगला होता. खरा चंद्र शेजारी बेकार उभा होता. तबेल्यांत ट्यूब लागल्या होत्या आणि म्हशींच्या पाठी ओल्या रस्त्यासारख्या चमकत होत्या.

"हा वास येतो का रे तुमच्या खेळात?"

"अजून नाही."

मेट्रोच्या कारशेडकडे लख्ख उजेड होता. ४ ऑक्टोबर २०१९ ला इथली झाडे तोडायला सुरुवात झाली ती रात्री. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबवेपर्यंत दोन हजारांवर पडली होती. तेव्हा चिरंजीव चौदा वर्षांचे होते. मोबाइलवर कोणाचा तरी व्हिडिओ आला होता. त्यात दिसत काहीच नव्हते, नुसता करवतीचा आवाज. तो त्यांनी रात्रभर ऐकला. आता मागून म्हणाले, "भीती घालायची तर असंच करतात. दाखवायचं नाही. ऐकवायचं." मी काही बोललो नाही. मला त्या रात्री झोप लागली होती.

पुढे एका पाड्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला चिरंजीवांनी स्कूटर वळवायला लावली, आणि शंभर पावलांवर आमच्या हेडलाइटचा बल्ब उडाला.

आरेतला अंधार बाराशे रुपयांच्या अंधारासारखा नसतो. तो सगळीकडून असतो. माझ्या डोक्यात एकच शब्द: बिबट्या. खेळात त्याने धरले तर मागच्या दिव्यापासून पुन्हा सुरुवात करता येते. २०२२ च्या दिवाळीत पहाटे इथेच सोळा महिन्यांच्या एका मुलीला बिबट्याने नेले. आई देवळात दिवा लावायला निघाली होती, पोर मागोमाग आली. ती बातमी मी गिऱ्हाइकांना पासबुके देता देता वाचली होती. पासबुके देतच राहिलो होतो.

मी घाईघाईने मोबाइलची बॅटरी लावायला गेलो. चिरंजीवांनी माझा हात धरला. "नको. टॉर्च लावलीत तर टॉर्चबाहेरचं काहीच दिसणार नाही. डोळ्यांना वेळ द्या." हाच मुलगा सहा वर्षांचा असताना बाथरूमला जायला मला उठवायचा. मग मी पॅसेजमधला झीरोचा बल्ब रात्रभर चालू ठेवू लागलो आणि सौ. विजेच्या बिलावरून माझ्याशी भांडू लागली. आता तो माझे मनगट धरून उभा होता. सोडत नव्हता. मीही सोड म्हटले नाही.

हळूहळू रस्ता दिसू लागला. मग झाडे. मग लांबून एक बॅटरी हलत आली आणि तिच्याबरोबर खच्चून आवाजात एक सिनेमाचे गाणे. पाड्यावरचा माणूस होता, मोबाइल खिशात वाजत होता.

"लाईट नाय गाडीला?"

"बल्ब गेला. गाणं कशाला लावलंय हो?"

"त्याला कळायला नको आपण येतोय ते? अचानक गाठ पडली म्हणजे तोपण घाबरतो, आपणपण." मग आमच्याकडे निरखून पाहत म्हणाला, "इकडे कशाला आला होता रात्रीचे?"

मी गप्प. चिरंजीवांनी खरे ते सांगितले. अंधार बघायला.

तो माणूस हसला नाही. "आम्ही इथे खांब मागतोय किती वर्षं. तो काय येत नाय. तुम्ही लाईटच्या घरातनं अंधार बघायला येता होय?"

आमच्या शाखेत एखादे गिऱ्हाईक असे खरे बोलले की आम्ही त्याला मॅनेजरकडे पाठवतो. इथे मॅनेजर नव्हता. चिरंजीव थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "काका, एकच खांब मिळाला तर कुठे लावाल?"

तो विचारात पडला. बहुधा हे त्याला कोणी विचारले नव्हते. मग बॅटरीचा झोत त्याने उंबराच्या एका वळणावर नेला. "तिथे. पोरं तिकडनं जातात संडासला. तिथनं एक दिवा असला तर दोन्हीकडे पडेल." चिरंजीवांनी वहीत टिपून घेतले. त्याने आम्हाला डांबरी रस्त्यापर्यंत सोडले, गाण्यासकट. स्कूटर मी ढकलत होतो.

रात्री एकला घरी पोहोचलो. दारातच सौ. "काय दिवे लावून आलात?"

"बल्ब उडाला," मी म्हणालो.

लेव्हल महिन्याभरात तयार झाली. मी खेळून पाहिली, तीनदा मेलो. पण उंबराच्या वळणावर एक खांब आहे, आणि त्याचा उजेड खरेच दोन्हीकडे पडतो. आरेतल्या त्या वळणावर अजून खांब नाही. परवा बँकेत जाताना मुद्दाम आत वळून पाहिले.

चिरंजीवांना प्रवेश मिळाला. फी ऐकून मी खुर्चीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी शैक्षणिक कर्जाचा अर्ज घेऊन आमच्याच शाखेतल्या कर्जाच्या टेबलाशी गेलो. हे टेबल मागच्या कोपऱ्यात आहे. त्याच्यावरची ट्यूब दिवाळीपासून बंद आहे आणि तिथे सहसा कोणी फिरकत नाही. साहेबांनी अर्ज नाकाशी धरला, मग खिडकीकडे धरला.

"कोर्स कशाचा म्हणालात?"

"दिवे लावण्याचा."

साहेबांनी मान वर करून आधी माझ्याकडे आणि मग छताकडे पाहिले. म्हणाले, "मग त्याला आधी इथे पाठवा की."