आठ-दहा ओळींची स्क्रिप्ट आणि बाबांचं कीर्तन

बाबांचा लॅपटॉप २०११ सालचा. आत इंटेलचा दुसऱ्या पिढीतला प्रोसेसर, रॅम चार जीबी. कीबोर्ड ठणठणीत आहे आणि बोटांना त्याची सवय झालीय, म्हणून तो बदलायचा विषय आमच्या घरात निघत नाही. मी त्यावर लिनक्स टाकून दिलं. पत्रं लिहिणं, पेपर वाचणं विनातक्रार चालायचं. संध्याकाळी मात्र बाबा ब्राउझरमध्ये यूट्यूबवर कीर्तन लावायचे आणि पंखा घरघरायला लागायचा. बुवांचा आवाज पुढे जायचा, चित्र मागे राहायचं. कीर्तन संपलं की भलताच व्हिडिओ आपोआप सुरू व्हायचा आणि ते गोंधळून मला हाक मारायचे.

एका रविवारी मी कारण शोधायला बसले. त्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ उलगडण्याची सोय चिपमध्येच आहे. व्हीपी९ आला २०१३ साली, एव्ही१ त्याच्याही नंतर २०१८ साली. ब्राउझर मागून घेत होता हे नवे प्रकार, आणि ते उलगडायचं सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर पडत होतं. त्यात ते पान स्वतःच इतकी रॅम अडवून बसायचं की बाकीच्यांना जागा उरत नव्हती. म्हणजे यंत्र म्हातारं झालंय हे खरं असलं, तरी आपण त्याला न झेपणारं काम देत होतो हेही तितकंच खरं होतं.

माझा दिवस टर्मिनलमध्येच जातो, त्यामुळे हात तिकडेच वळला. ब्राउझरशिवाय व्हिडिओ शोधून लावणाऱ्या ‘वायटीएफझेडएफ’सारख्या तयार स्क्रिप्ट मिळतात, आणि चांगल्या आहेत. पण बाबांना लागतं तेवढंच हवं होतं, म्हणून मी स्वतःच लिहायला घेतली. तीन अवजारं पुरली. वायटी-डीएलपी शोधून यादी आणतं, एफझेडएफ ती यादी समोर मांडून निवडू देतं आणि एमपीव्ही व्हिडिओ चालवतं. एकाचं उत्तर पाइपमधून दुसऱ्याच्या हातात जातं. ही पाइपची कल्पना डग मॅकिलरॉय यांची. केन थॉम्पसन यांनी ती १९७३ साली युनिक्समध्ये आणली. पन्नास वर्षांनंतरही तिच्यावर इतकं काही उभं राहतं, याचं मला दर वेळी मनापासून कौतुक वाटतं.

बाबा आता टर्मिनल उघडतात आणि ‘नारदीय कीर्तन’ असं देवनागरीतच टाइप करतात. शीर्षकं आणि लांबी एवढीच यादी येते. चित्रं नाहीत, शेजारी सुचवलेलं काही नाही. दोन अक्षरं टाइप केली की यादी गाळली जाते. बाण वर-खाली करायचा, एंटर दाबायचं. बऱ्याच टर्मिनलमध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात, त्यामुळे ती त्यातल्या त्यात नीट दिसतील असं टर्मिनल निवडून अक्षरं मोठी करण्यातच माझा बराच वेळ गेला. ते काम मला स्क्रिप्टपेक्षा महत्त्वाचं वाटलं. जी वाचता येत नाही ती यादी काय कामाची?

एमपीव्हीला एकच अट घातली: एच.२६४ प्रकार, उंची ४८० पर्यंत. पंखा शांत झाला. स्पेस दाबलं की थांबतं, डाव्या-उजव्या बाणानं पाच सेकंद मागे-पुढे जातं, ९ आणि ० नं आवाज कमी-जास्त होतो. बंद करताना जागा लक्षात ठेवायचा पर्यायही चालू केला. त्यामुळे आज पूर्वरंग ऐकून बाबा निवांत जेवायला उठतात आणि उद्या उत्तररंगापासून पुढे लावतात. गावी गेलो की मोबाइलच्या डेटावर नुसता आवाज लावतो. १२८ केबीपीएसच्या हिशेबानं तासाला साठ एमबीसुद्धा लागत नाहीत.

हे सगळं कायमचं नाही, हेही सांगायला हवं. व्हिडिओच्या साइटनं आत काही बदललं की वायटी-डीएलपी अडतं आणि नवी आवृत्ती घ्यावी लागते. त्याचं मूळ यूट्यूब-डीएल, २००६ सालचं. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या नोटिशीवरून ते गिटहबवरून उतरवलं गेलं आणि पुढच्याच महिन्यात परतही आलं. वायटी-डीएलपी ही त्यातूनच फुटलेली फांदी, आणि तिच्यावर लोक फुकट राबतायत. ते थांबले तर माझ्या आठ-दहा ओळींना काही अर्थ उरणार नाही.

खरा प्रश्न बाबांनी विचारला. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, “अगं, यात जाहिरात येत नाही?”

“नाही येत, बाबा.”

“मग त्या बुवांना काय मिळतं?”

या वाटेनं पाहिलं तर काहीच मिळत नाही. यूट्यूबच्या अटींमध्ये परवानगीशिवाय डाउनलोड करायला मनाई आहे. आम्ही काही साठवत नाही, पण तेवढ्यानं हा प्रश्न मिटत नाही. प्लेअर वेगळा घ्यायचा म्हणजेही त्यांच्या ठरवलेल्या दारातून न जाणं आलं. कीर्तनकाराला दक्षिणा न देता उठायचं नाही, हे बाबांच्या अंगात मुरलेलं आहे, आणि मलाही ते पटतं.

म्हणून स्क्रिप्टमध्ये आणखी एक ओळ घातली. व्हिडिओ संपला की त्याखालचं वर्णन पडद्यावर येतं. तिथे बुवांनी किंवा संस्थेनं देणगीसाठी क्रमांक दिला असेल, तर बाबा तो वहीत उतरवतात आणि मी फोनवरून पैसे पाठवते. क्रमांक नसेल तर त्या बुवांचं पुढचं कीर्तन आम्ही माझ्या नव्या लॅपटॉपवर लावतो, ब्राउझरमध्ये, जाहिरातींसकट.